कोपीपासून तिसऱ्या घंटेपर्यंत

२०१२च्या डिसेंबरात बारामतीत अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरलं, त्र्याण्णवावं. अध्यक्ष होते डॉ. मोहन आगाशे. लोक त्यांना ओळखतात ते ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस म्हणून, नाहीतर सिनेमातला करड्या नजरेचा माणूस म्हणून. पण पेशाने मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या या नटाने मराठी मुलांसाठी केलेलं एक काम त्या मानाने फार कमी सांगितलं जातं. १९८०मध्ये ‘घाशीराम’ युरोपच्या दौऱ्यावर गेलं. जर्मनीशी तेव्हा जुळलेलं नातं पुढे वाढत गेलं आणि बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ या बालरंगभूमीची पद्धत आगाशे यांनी पुण्यात आणली. १९८६मध्ये ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ रंगमंचावर आलं. मराठी रूपांतर श्रीरंग गोडबोले यांचं होतं.

ग्रिप्सच्या नाटकात राजा नाही, परी नाही, राक्षस नाही. शेजारच्या काकांचा तिरसटपणा, आईबाबांची भांडणं, ‘मुलीच्या जातीला हे शोभत नाही’ हे रोज ऐकावं लागणारं वाक्य, असल्या गोष्टी तिथे असतात. मुलांची कामं मोठी माणसं करतात, पण नाटक बाजू घेतं मुलांची. घरी जाताना मूल आईला प्रश्न विचारू लागलं की प्रयोग वसूल झाला असं समजायचं.

तरीही ग्रिप्स हे मुलांसाठी केलेलं नाटक आहे, मुलांनी केलेलं नव्हे. नट शिकलेले, प्रेक्षक तिकीट काढून येणारे. ज्या पोराच्या घरात तिकिटाचे पैसे नाहीत, ज्याला दिसत नाही, ज्याची शाळा दर दिवाळीनंतर सुटते, ते पोर स्वतः रंगमंचावर उभं राहून स्वतःचं म्हणणं कधी मांडणार? महाराष्ट्रात या प्रश्नाला ज्यांनी हात घातला, त्यांची कामं बारामती-इंदापूरच्या वाचकांसमोर ठेवावीत, म्हणून हा लेख. आपल्याकडे नाट्यगृहं आहेत, स्पर्धा आहेत, संमेलनही होऊन गेलं. अशा पोरांपर्यंत नाटक नेणारी माणसं मात्र अजून थोडीच.

हे काम नवं नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे हेच केलं. गावात जायचं, चावडीपुढे नाहीतर शाळेच्या ओट्यावर गाणी, पोवाडे, लोकनाट्य करायचं. नाटकाचं शिक्षण नसलेली कामकरी घरांतली पोरं त्यात आली. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले तिथेच घडले. वडिलोपार्जित केशकर्तनाच्या धंद्यातले राम नगरकरही त्याच वाटेने आले. पुढे दोघांचं नाव झालं म्हणून आपल्याला ते ठाऊक. ज्यांचं नाव झालं नाही पण चार माणसांत बोलायची भीती कायमची गेली, असे कितीतरी असणार, आणि कलापथकाची खरी कमाई मी त्यांच्यातच धरतो.

ठाण्यातला प्रयोग याच धाटणीचा, पण एका बाबतीत पुढे गेलेला. रत्नाकर मतकरी म्हणजे ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणारे, १९६२पासून ‘बालनाट्य’ ही संस्था चालवणारे लेखक. वयाच्या पंचाहत्तरीनंतर, २०१४मध्ये, त्यांनी समता विचार प्रसारक संस्थेसोबत ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. संस्था आधीपासून ठाण्याच्या झोपडवस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करत होती, त्यामुळे मुलं शोधायला जावं लागलं नाही. मतकरींनी ठरवलं असतं तर आपलीच एखादी गाजलेली संहिता या मुलांकडून बसवून घेता आली असती. टाळ्याही भरपूर पडल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. विषय मुलांनी शोधायचा, नाटुकलं मुलांनी रचायचं, जाणत्या रंगकर्मींनी फक्त हात द्यायचा. मग या सगळ्या वस्त्यांची नाटुकली एकत्र करून ‘नाट्यजल्लोष’ भरवायचा. मुलांनी नळावरची भांडणं आणली, दारू आणली, शाळा आणली. १७ मे २०२० रोजी करोनाच्या साथीत मतकरी गेले. मराठीत भरपूर लिहून गेलेल्या या माणसाने अखेरच्या वर्षांत दुसऱ्यांना लिहितं केलं, हे मला त्यांच्या पुस्तकांइतकंच मोलाचं वाटतं.

पुण्यात अतुल पेठे यांनी २०१२मध्ये गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ बसवलं. महात्मा फुल्यांवरचं हे नाटक, आणि कलाकारांत मोठा भरणा महापालिकेच्या सफाई कामगारांचा. कामगार युनियन पाठीशी उभी राहिली. पहाटे रस्ता झाडणारी माणसं तालमीला येऊन जोतिबांच्या काळाबद्दल बोलू लागली. ती पल्लेदार वाक्यं त्यांच्या तोंडी बसायला वेळ लागला असणारच, पण रंगमंचावर ती उसनी वाटली नाहीत. इथे एक हिशेबाची गोष्ट आहे. हौशी नाटकात ‘हौसेला मोल नाही’ म्हणायची पद्धत आहे. ते म्हणणं ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला शोभतं. रोजंदारीच्या माणसाची संध्याकाळ फुकट मागणं म्हणजे त्याला दारातच थांबवणं.

स्वागत थोरात यांचं काम आणखी वेगळं. ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल लिपीतलं मराठी पाक्षिक त्यांनी २००८मध्ये काढलं. त्याच्याही आधी त्यांनी ८८ अंध कलाकारांना घेऊन ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ उभं केलं होतं, आणि पुढे १९ अंध कलाकारांचं ‘अपूर्व मेघदूत’ केलं. डोळस दिग्दर्शक नटाला ‘असं कर’ म्हणून करून दाखवतो. इथे करून दाखवणं संपलं. हात हातात घेऊन अभिनय शिकवायचा, पावलं मोजून रंगमंच पाठ करायचा, सहकलाकाराच्या आवाजावरून आपली जागा पकडायची. तालमी महिनोन्‌महिने चालतात. पाहणाऱ्याला थोड्या वेळाने विसर पडतो की यांना दिसत नाही. थोरातांना कौतुक हवं ते नाटकाचं, कीव नको. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचं वेगळं कलम आहे, आणि राज्य शासनाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही होते. पण आपल्या सभागृहांकडे एकदा नीट पाहा. प्रेक्षकांत येऊन बसायला उतार केलेला असतो, रंगमंचावर चढायला मात्र बहुतेक ठिकाणी पायऱ्याच. अपंग माणूस बघायला येईल, करायला येणार नाही, असं बांधणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं.

ही अलीकडची उदाहरणं शहरातली. गावाकडचं सांगायचं तर जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव घनसावंगी तालुक्यात आहे. राजकुमार तांगडे आणि संभाजी तांगडे या तिथल्या शेतकरी तरुणांनी गावातच नाटक उभं केलं. विजेच्या तारेवर टाकलेल्या आकड्यावर त्यांचं ‘आकडा’ हे नाटक. मकरंद साठे यांनी माहितीच्या अधिकाराच्या लढ्यावर लिहिलेलं आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेलं ‘दलपतसिंग येती गावा’ याच जिल्ह्यातल्या तरुणांना घेऊन झालं. मग २०१२मध्ये राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं आणि मुंबई-पुण्याची नाट्यगृहं भरू लागली. नट बहुतेक जालन्याचे, शेतीत राबणारे. त्यांनी प्रमाण भाषा शिकून घेतली नाही. आपली बोली घेऊनच ते शिवाजी मंदिरात शिरले, आणि प्रेक्षकांनी कान तिच्याशी जुळवून घेतले. बारामती-इंदापूरला मला हा नमुना सर्वांत जवळचा वाटतो. ठाण्याच्या वस्तीत संस्था हाकेच्या अंतरावर असते. इथे वाडी-वस्ती लांब, एसटी वेळेवर नाही, आणि सातनंतर मुलीला बाहेर कोण पाठवणार?

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कलेचं दुर्भिक्ष इथे कधीच नव्हतं. मोरोपंतांनी आयुष्य बारामतीत घालवलं. शेजारच्या दौंडला डॉ. जब्बार पटेल दवाखाना चालवत होते आणि तिथून पुण्याला जाऊन ‘घाशीराम’, ‘तीन पैशाचा तमाशा’ बसवत होते. २०२४च्या शंभराव्या नाट्य संमेलनाचे अध्यक्ष तेच. चौफुल्याची कलाकेंद्रं वाटेवरच आहेत. बारामतीचं नटराज नाट्य कला मंडळ आहे, विद्या प्रतिष्ठानचं गदिमा सभागृह आहे. आणि आषाढात तुकोबांची पालखी या दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वांचं गोल रिंगण. ज्याचा जो उद्योग, तो घेऊनच त्याने सोहळ्यात यायचं, ही रीत इथल्या मातीत आहे. मेंढपाळाला कुणी सांगत नाही की मेंढ्या घरी ठेव आणि मग दर्शनाला ये. रात्रीच्या मुक्कामात भारूड करणाऱ्याला कुणी नाट्यशिक्षण विचारत नाही.

पालखी पुढे गेल्यावर उरलेल्या अकरा महिन्यांत मात्र वेगळंच दिसतं. शाळेच्या गॅदरिंगला पुढच्या रांगेत ठरलेली मुलं, सिनेमाच्या गाण्यावरचा नाच, भाड्याने आणलेले कपडे. ज्यांना कपड्यांचे पैसे भरता येत नाहीत ती मुलं मांडवाच्या मागे खुर्च्या लावतात. (आपण त्यालाही ‘सहभाग’ म्हणतो.) पारधी वस्तीतलं पोर, उजनीच्या फुगवट्यावर मासे धरायला रायगडातून आणलेल्या कातकरी कुटुंबातलं पोर, एमआयडीसीत कामाला आलेल्या उत्तरेकडच्या कामगाराची हिंदी बोलणारी मुलगी, यांची नावं यादीत येतच नाहीत.

आणि सर्वांत मोठा घोळका दिवाळी सरता सरता येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो. एवढ्या साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून अंधारात उठून फडात जायचं. मुलं कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, राहतात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते, आणि बारा-तेराची झाली की तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं, कारण तिला कोपीवर एकटी ठेवायची भीती वाटते. ही मुलं चार-पाच महिने आपल्या गावात असतात आणि आपल्याला त्यांची नावं ठाऊक नसतात. जांब समर्थचे शेतकरी-नट आले त्याच जालन्याकडून यातल्या काही टोळ्या येतात.

या मुलांबरोबर नाटक करायचं म्हणजे काय, हे ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल या रंगकर्मीने सोपं करून ठेवलंय. पंधरा-वीस मिनिटांचा प्रसंग करायचा आणि अन्याय होतो त्या क्षणी थांबवायचा. मग बघणाऱ्यांना विचारायचं, तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं? नुसतं सांगायचं नाही, उठून, आत येऊन करून दाखवायचं. १९८५मध्ये सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था बंगालच्या खेड्यांत याच पद्धतीने काम करते. समजा प्रसंग असा: मुकादम उचलीचा हिशेब सांगतोय, बाप मान हलवतोय, आणि सहावीतली मुलगी म्हणते, बेरीज चुकलीय. थांबवा तिथेच. बाप बनून एखादा उठेल, आई बनून कुणी तरी उठेल, आणि एखादा खरा मुकादम बघत असेल तर तोही काहीतरी बोलेल. अशा नाटकाला नेपथ्य लागत नाही, माईक लागत नाही. गव्हाणीपासून थोडं लांब एक मोकळी जागा आणि एक दिवा पुरतो.

लागतं ते दुसरंच. रोज त्याच वेळी येणारा माणूस लागतो. महिला दिनाला येऊन फोटो काढून जाणाऱ्यांना कोपीवरची मुलं चांगलं ओळखतात. मुलींना तालमीनंतर कोपीपर्यंत सोडणारी एक बाई लागते, नाहीतर आठव्या दिवशी मुली यायच्या बंद होतात. धाकट्या भावंडांना तालमीत बसायची मुभा लागते, कारण ती कडेवर घेऊनच मुली येणार. खाऊ लागतो, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. शिकवणाऱ्याला मानधनही लागतं. पुण्यामुंबईच्या तज्ज्ञाचं दोन दिवसांचं शिबिर ठेवण्यापेक्षा तोच खर्च बारामतीच्या किंवा इंदापूरच्या महाविद्यालयातल्या नाटकवेड्या पोराला चार महिने द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि प्रयोगाला पाहुणे म्हणून कारखान्याचे संचालक बोलवायचे असतील तर जरूर बोलवावेत, पण पहिल्या रांगेत आईबापांनाच बसवावं. ती माणसं दिवसभर वाकून आलेली असतात.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या यायला लागलेल्या असतील. गणेश मंडळ आवरून मोकळं झालंय, महाविद्यालयाच्या नाट्य मंडळाचे कपडे पेटीत पडून आहेत, शाळेच्या शिक्षकांना सुट्टी आहे. तुमच्या गावाजवळच्या फडावर किती कोपी पडल्यात ते एकदा चालत जाऊन बघा. मुलांची नावं विचारा. गाळप मार्चपर्यंत चालतं. वीस मिनिटांचं नाटुकलं उभं राहायला एवढा वेळ भरपूर आहे.