कोरडा ओढा आणि पहिला पाऊस



गळीत हंगाम संपला की कारखान्याचा भोंगा शांत होतो. शेतकी खात्याच्या माणसांची धावपळ मात्र थांबत नाही. खोडव्याची पाहणी, लागणीच्या नोंदी, प्रेसमडच्या ट्रॉल्या यात दिवस कसा मावळतो ते कळत नाही. या दिवसांत गावोगाव फिरताना एक गोष्ट हटकून नजरेत भरते. ओढा कोरडा ठणठणीत असतो आणि त्याच्या काठावर काय काय पडलेले असते! प्रेसमडचा ढीग, उकिरडा, तणनाशकाचे रिकामे डबे, फवारणीचा पंप धुतल्याचे डाग. सात-आठ महिने पाणी नाही म्हटल्यावर ओढा ही कुणाचीच नसलेली जागा, असा आपला सर्वांचा समज होऊन बसला आहे.

पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्याची पाइप आणि तपासणीला आलेले साहेब येतात. 'ते काय ते मॅनेजिंग डायरेक्टर साहेब बघून घेतील', असे म्हणून आपण मोकळे होतो. म्हणून हा कायदा काय म्हणतो ते थोडे सांगतो. महाराष्ट्राने या बाबतीत केंद्राच्याही आधी, १९६९ साली, स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. पुढे १९७४ साली केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम आला आणि १९८१ पासून तो आपल्या राज्यात लागू झाला. या अधिनियमात 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या दिली आहे. तीत नदी आहे, जमिनीखालचे पाणी आहे, आणि वाहता असो की सध्या कोरडा असो, असा पाण्याचा मार्गही आहे. कायदा लिहिणाऱ्याने आपल्याच गावचा ओढा बघून हे शब्द घातले की काय, असे वाटते. कलम २४ प्रमाणे घाण करणारा पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात किंवा विहिरीत जाऊ देण्यास मनाई आहे, आणि ही मनाई कुणाही व्यक्तीला आहे. कारखाना, नगरपालिका, तुम्ही, आम्ही, सगळे त्यात आले.

आम्ही हे कलम फार उशिरा वाचले. त्याआधी जे घडले ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी, कृषी पदविका घेऊन आम्ही नुकतेच एका दुसऱ्या कारखान्याच्या शेतकी खात्यात लागलो होतो. मे महिना होता. स्पेंटवॉश मारलेले, अजून नीट न कुजलेले प्रेसमड घेऊन पाच ट्रॉल्या एका सभासदाच्या रानाकडे आल्या. सभासद लग्नाला परगावी गेलेले. रानात जायची वाट खडकाळ, शिवाय मागे दुसऱ्या गावच्या ट्रॉल्या खोळंबलेल्या. ड्रायव्हरने विचारले, "साहेब, कुठं ओतू?" आम्ही घड्याळाकडे बघितले आणि म्हटले, "ओत तिथंच ओढ्याकडेला. मालक आल्यावर ओढून घेतील." मालक आले, पण ढीग ओढायला बैल मिळेनात, ट्रॅक्टर मिळेना. आणि एका संध्याकाळी वळीव कोसळला. तासाभरात ओढा भरून वाहिला आणि ढिगाचा निम्मा भाग वाहून गेला.

ओढ्याच्या खालच्या अंगाला हाकेच्या अंतरावर एका काकींची विहीर होती. कर्ता मुलगा नोकरीला बाहेर, घरी सून, नातवंडे आणि दोन म्हशी. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणे आले. पाणी चहासारखे झाले होते आणि वास येत होता. काकी म्हणाल्या, "म्हशीनं तोंड लावलं नाय बघा." आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो, पाऊस पडला की पाणी गढूळ होतंच वगैरे. त्या रागावल्या नाहीत. "ते असू दे. आता जनावरं कुठं न्यायची तेवढं सांगा," एवढंच म्हणाल्या. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. इंजिन लावून विहीर दोनदा उपसली तरी दिवाळीपर्यंत वास गेला नाही. त्या घराने पिण्याचे पाणी शेजारच्या बोअरवरून डोक्यावर आणले. लेखी तक्रार कुणी केली नाही. झाली असती तर चौकशीत आमचे नाव निघाले असते, आणि ते रास्तच झाले असते. जाणूनबुजून केले नाही असे म्हणावे, तर वळीव येतो हे आम्हाला ठाऊक नव्हते काय?

आता पाणी खराब होते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. स्वच्छ पाण्यात एका लिटरला साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे, बेडूक, पाण्यातले किडे त्यावर जगतात. साखर, मळी, शेण, कुजका पाला असे पदार्थ पाण्यात गेले की त्यांना खाणारे जिवाणू वाढतात आणि हा प्राणवायू संपवून टाकतात. त्यांना किती प्राणवायू लागेल, त्या मापाला बी.ओ.डी. म्हणतात. आपण त्याला पाण्याची भूक म्हणू. डिस्टिलरीतून निघणारा स्पेंटवॉश, ज्याला आपण मळीचे पाणी म्हणतो, त्याची भूक लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या आसपास असते. गणित करून बघा. असले एक लिटर पाणी पाच हजार लिटर स्वच्छ पाण्यातला प्राणवायू संपवू शकते. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्रीत ओढ्यात सोडला तर पाच कोटी लिटर पाण्यातला! सकाळी के. टी. बंधाऱ्यावर मासे पालथे पडलेले दिसतात त्याचे कारण बहुधा विष नसते, गुदमरणे असते. म्हणूनच स्पेंटवॉशचा एक थेंबही आवाराबाहेर जाऊ नये असा दंडक आहे. तो बॉयलरमध्ये जाळावा किंवा प्रेसमडवर मारून त्याचे खत करावे लागते, आणि पावसाळ्यात खताच्या यार्डावर त्याची फवारणी बंद ठेवावी लागते.

साखर कारखान्यासाठी केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये नवी मानके लावली. प्रक्रिया केलेले पाणी नदीनाल्यात सोडायचे तर त्याची भूक ३० च्या आत आणि शेतीला द्यायचे तर १०० च्या आत हवी. गाळलेल्या टनामागे बाहेर जाणारे पाणी सगळे मिळून २०० लिटरपेक्षा जास्त नको. शुद्धीकरण केंद्र हंगामाआधी एक महिना सुरू करून स्थिर करायचे आणि हंगामानंतरही एक महिना चालवायचे. शेतीला पाण्याची गरज नसेल तेव्हा ते न झिरपणाऱ्या तळ्यात साठवायचे, तेही पंधरा दिवसांचेच. उसाच्या वजनात जवळजवळ ७० टक्के पाणीच असते, त्यामुळे काटकसर केली तर कारखान्याला नदीकडे फारसे हात पसरावे लागत नाहीत. 'कारखान्याचं पाणी फुकट आहे, सोडा की आमच्या रानात' असा आग्रह काही सभासद करतात. त्यांना सांगणे असे की ते पाणीही जमिनीच्या पोताप्रमाणे मोजूनच द्यावे लागते. भारी काळ्या रानात ते हवे तेवढे सोडले तर चार वर्षांत रान पांढरे पडेल आणि मग माती परीक्षणाचा रिपोर्ट घेऊन तुम्ही आमच्याकडेच याल.

एवढे सगळे उन्हाळ्यात नीट चालते. पाऊस पडला की खरी परीक्षा. समजा, कारखान्याचे वीस एकरांचे आवार आहे आणि एका सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला. वीस लाख लिटर पाणी झाले. पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला दिवसाला बाहेर सोडता येते त्या पाण्याची मर्यादा दहा लाख लिटर. म्हणजे दोन दिवसांचे पाणी तासाभरात आले, आणि येताना ऊस यार्डातली पाचट, बगॅसचा भुस्सा, ट्रकमधून गळलेले ऑइल, मळीच्या टाकीजवळचे सांडलेले असे सगळे घेऊन आले. हे पाणी शुद्धीकरण केंद्रात घुसले तर केंद्रातले जिवाणू वाहून जातात आणि ते पुन्हा बसायला आठवडे लागतात. सांडपाण्याच्या गटारात घुसले तर घाण उफाळून ओढ्याला जाते. म्हणून पावसाच्या पाण्याच्या चाऱ्या वेगळ्या काढायच्या, छपरावरचे स्वच्छ पाणी यार्डाच्या पाण्यात मिसळू द्यायचे नाही, आणि पहिल्या पावसाचे यार्डातले पाणी खड्ड्यात अडवून, तपासून मग पुढे सोडायचे. काम साधे आहे, चारी उपसायला चार माणसे लागतात. पण हंगाम संपल्यावर सगळे दुरुस्तीच्या कामात असतात आणि चारी कुणाच्याच ध्यानात राहत नाही. या कामाचे महत्त्व मिल हाऊसच्या रोलरइतके मानले पाहिजे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

आणि आपल्या रानाचे काय? एका एकरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे चाळीस हजार लिटर पाणी. उताराच्या दिशेने सरी असेल तर ते पाणी पाटासारखे धावते. कारखान्याच्या पाइपला मीटर आहे, डिस्टिलरीवर चोवीस तास ऑनलाइन नजर आहे. रानाच्या तोंडावर कुणीच उभा नाही. आभाळ भरून आले की युरिया फेकायची आपली सवय जुनी आहे. त्यातला बराचसा ओढ्याला आणि विहिरीला जातो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे मानक आहे. जास्त झाले तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना धोका असतो. मातीबरोबर गेलेला स्फुरद बंधाऱ्यात साठतो आणि त्यावर जलपर्णी पोसते. पुढे ती काढायला ग्रामपंचायत वर्गणी मागते, तेव्हा आपण 'कारखान्यानं काढावी' म्हणतो. जलपर्णीला गावचे सांडपाणीही पोसते, हे खरे. पण आपला वाटा आपल्याला माहीत असावा.

उपाय नवे नाहीत. सरी उताराला आडवी पाडावी. खोडव्याचे पाचट जाळू नये. एकरी तीन-चार टन पाचट सरीआड ठेवले की पाण्याचा वेग मोडतो आणि माती जागेवर राहते. खत पहारीने मातीआड द्यावे आणि हप्ते करून द्यावे. ओढ्याकडेच्या दोन सऱ्या सोडून तिथे गवत राखावे. दोन सऱ्या म्हणजे किती ऊस जातो, ते आम्हाला कळते. पण ती कड दर पावसाळ्यात हातभर ढासळून जातेच आहे. तो ऊस गाळपाला येतो कुठे? शिवाय गवत जनावरांना होते.

आणखी एक. ओढ्याला काळे पाणी दिसले आणि कुणी तक्रार केली की 'कारखान्याची बदनामी करतो' म्हणून त्याच्याकडे बघण्याची रीत आहे. ही रीत आम्हाला मान्य नाही. स्वच्छ पाणी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आहे. ज्याने घाण केली त्याने भरपाई आणि सफाईचा खर्च द्यावा, हे तत्त्व १९९६ च्या निकालांपासून पक्के झाले आहे. आपला कारखाना सहकारी आहे, तेव्हा दंड झाला तर तो शेवटी आपल्याच उसाच्या दरातून जाणार. लवकर कळवणारा सभासद त्यामुळे कारखान्याचे पैसेच वाचवतो. पाणी दिसल्याची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून गट ऑफिसला द्यावे आणि पोच घ्यावी. दखल घेतली गेली नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाण्याचा मार्ग मोकळा आहेच.

प्रेसमडची मागणी नोंदवलेल्या सभासदांना सूचना : ढीग कुठे टाकायचा ती जागा आधी चिटबॉयला दाखवून ठेवावी. जागा उंचवट्यावर, ओढा व विहिरीपासून दूर असावी आणि ट्रॉली आत जाईल अशी वाट असावी. ट्रॉली येईल त्या दिवशी स्वतः किंवा घरचे कुणीतरी हजर राहावे. पाऊस लागण्याआधी माल रानात पसरून मातीआड करावा, ते जमले नाही तर ढिगाभोवती चर काढून वर ताडपत्री टाकावी. कुणी हजर नसल्यास ट्रॉली ओढ्याकडेला ओतली जाणार नाही, परत येईल, आणि फेरीचे भाडे सभासदाच्या खाती पडेल. याबाबत ड्रायव्हरशी अगर चिटबॉयशी वाद घालू नये. हा निर्णय आमचा आहे.