विश्लेषण : वजन एकट्याचे, लढाई साऱ्या कुटुंबाची! मार्शलीज समाज मधुमेह कसा रोखू पाहतोय?

पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटे जगाला ठाऊक आहेत ती बिकिनीवरील अणुचाचण्यांमुळे. पण या चिमुकल्या देशाच्या नावावर आणखी एक नकोसा विक्रम आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०१९ च्या अहवालात प्रौढांमधील मधुमेहाचे जगातील सर्वाधिक प्रमाण याच देशात होते, तब्बल ३०.५ टक्के. रोजगार आणि शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या मार्शलीज लोकांचीही या आजाराने पाठ सोडली नाही. तिथे हा समाज विद्यापीठाच्या संशोधकांना सोबत घेऊन मधुमेह रोखण्याचा प्रयत्न करत आहे. त्यासाठी निवडलेली जागा मात्र दवाखाना नाही, तर चर्च आणि घर आहे. असे का, याविषयी…

मार्शलीज लोक अमेरिकेत कसे पोहोचले?

मार्शल बेटे म्हणजे २९ प्रवाळ कंकणद्वीपे आणि ५ स्वतंत्र बेटे. राजधानी माजुरो. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम ४२ हजार. १९८६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या ‘मुक्त सहयोग करारा’मुळे येथील नागरिकांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहता येते आणि नोकरीही करता येते. त्यामुळे हजारो कुटुंबे हवाईत आणि मुख्य भूमीवर स्थायिक झाली. मुख्य भूमीवरील त्यांची सर्वात मोठी वस्ती आर्कान्सा राज्यातील स्प्रिंगडेल आणि आसपास आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या गावाने त्यांना खेचले ते कोंबडी प्रक्रिया कारखान्यांतील नोकऱ्यांमुळे.

आजार किती पसरला आहे?

आर्कान्सा विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने या भागातील सुमारे ४०० मार्शलीज प्रौढांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ३८ टक्के लोकांना मधुमेह आढळला. आणखी ३३ टक्के लोक मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. दहातील जवळपास नऊ जणांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते.

मधुमेहपूर्व अवस्थेत रक्तातील साखर सामान्यापेक्षा जास्त, पण मधुमेहाच्या निकषापेक्षा कमी असते. एचबीए१सी, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी, ५.७ ते ६.४ टक्के दाखवत असेल तर ही अवस्था समजली जाते. इथून मागे फिरता येते. म्हणूनच तपासणीतील हे ३३ टक्के लोक सर्वात महत्त्वाचे ठरतात.

ही वेळ का आली?

केवळ ‘गोड फार खातात’ असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मासे, नारळ, नीरफणस, केवड्याच्या कुळातील पँडॅनसचे फळ आणि अळूचे कंद हा या बेटांवरचा मूळ आहार. तो मिळवण्यासाठी होडी वल्हवणे, झाडावर चढणे, जमीन खणणे ओघाने आलेच.

१९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने बिकिनी आणि एनेवेटाक येथे ६७ अणुचाचण्या केल्या. मार्च १९४६ मध्ये बिकिनीच्या १६७ रहिवाशांना रोंगेरिकवर हलवण्यात आले. तिथे अन्न अपुरे पडले आणि उपासमार झाली. अखेर १९४८ मध्ये त्यांची रवानगी किली बेटावर झाली. या बेटाला मासेमारीसाठी शांत खाडीच नव्हती. १ मार्च १९५४ च्या ‘कॅसल ब्रावो’ चाचणीनंतर किरणोत्सारी राख रोंगेलॅप आणि उटिरिकपर्यंत पोहोचली.

ज्या समुदायांची जमीन आणि समुद्र हिरावले गेले, त्यांच्या ताटात मदतीचे अन्न आले. पांढरा तांदूळ, मैदा, साखर, डबाबंद मांस. पुढे आयात झालेले हेच पदार्थ बाकीच्या बेटांवरही रोजचे झाले. अमेरिकेत गेल्यावर स्वस्त फास्ट फूड आणि शीतपेयांची त्यात भर पडली. उष्मांक वाढले, हालचाल घटली. पोटाभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि रक्तातील साखर चढत जाते.

वजन घटवून मधुमेह खरेच टळतो?

याचे उत्तर अमेरिकेतील ‘मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमा’ने २००२ मध्ये दिले. ३,२३४ जणांवरील या चाचणीत दोन साधी उद्दिष्टे होती. वजन ७ टक्क्यांनी कमी करायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करायचा. म्हणजे ९० किलोच्या व्यक्तीने साधारण सव्वासहा किलो घटवायचे आणि आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालायचे. सरासरी २.८ वर्षांनंतर या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. थोडक्यात, जीवनशैलीतील बदल गोळीपेक्षा सरस ठरला.

मात्र या चाचणीतील सहभागींमध्ये आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरील मूळचे लोक दोन्ही मिळून पाच टक्केही नव्हते.

मग हाच कार्यक्रम जसाच्या तसा का वापरत नाहीत?

कारण तो ‘एकट्या’ माणसाला समोर ठेवून आखलेला आहे. आपले ताट आपण मोजा, आपल्या खाण्याची नोंद आपण ठेवा, असा त्याचा सूर असतो. मार्शलीज घरात स्वयंपाक मोठ्या कुटुंबासाठी होतो. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची मेजवानी, ‘केमेम’, ही तर साऱ्या गोतावळ्याची असते. अशा ठिकाणी पुढे केलेले अन्न नाकारणे म्हणजे यजमानाचा अपमान. आपल्यासाठी वेगळे शिजवून घेणे म्हणजे घरापासून वेगळे पडणे. शिवाय अनेकांना इंग्रजी सफाईने येत नाही.

म्हणजे अडचण माहितीच्या अभावाची कमी आणि ती माहिती कुठे, कोणाला व कोणत्या भाषेत सांगितली जाते याची जास्त आहे.

‘समुदायाच्या सहभागातून’ म्हणजे नेमके काय केले?

पहिला फरक विषय निवडण्यापासूनच दिसतो. कोणत्या आजारावर काम करायचे हे विद्यापीठाने ठरवले नाही. समाजातील लोकांनीच मधुमेहाला प्राधान्य दिले. मार्शलीज सदस्य संशोधन पथकात सामील झाले. धडे मार्शलीज भाषेत आणले गेले.

त्यानंतर मार्शलीज चर्चमध्ये दोन कार्यक्रमांची तुलना करणारी चाचणी हाती घेण्यात आली. पहिला हवाईतील ‘पिली ओहाना’. तेथील मूळ रहिवाशांच्या संस्था आणि संशोधकांनी मिळून तो घडवला. अमेरिकी कार्यक्रमाचे १६ धडे त्यात ८ वर आणले गेले आणि कमी पैशांत पौष्टिक कसे खावे, डॉक्टरांशी कसे बोलावे असे विषय जोडले गेले. दुसरा ‘वर्ड’. आर्कान्सातील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आकाराला आलेल्या या कार्यक्रमात शरीराची काळजी श्रद्धेशी जोडली जाते.

चर्चच का? कारण विखुरलेला मार्शलीज समाज दर आठवड्याला हमखास एकत्र येतो तो तिथेच. शिवाय रविवारच्या सामूहिक जेवणात काय वाढायचे, हेही तिथेच ठरते.

कुटुंबाला सोबत घेतल्याने फरक पडला का?

मधुमेह आधीच झालेल्यांसाठी त्याच विद्यापीठाने २२१ मार्शलीज रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने वर्गात प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्या गटाला घरी, कुटुंबीयांना सोबत बसवून शिकवले गेले. कुटुंबासह शिकलेल्या गटात एचबीए१सीमधील घट अधिक होती आणि १२ महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता. चूल ज्याच्या हाती, त्यालाच धडा मिळाला तर रुग्णाला घरात वेगळे पडावे लागत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

अडथळे कोणते?

कार्यक्रम कितीही चांगला असला तरी कारखान्यातील पाळी संपवून थकलेल्या माणसाला चालायला निघणे सोपे नसते. उपचारांचा प्रश्न त्याहून मोठा. १९९६ च्या कायद्यामुळे मार्शलीज स्थलांतरित ‘मेडिकेड’ या सरकारी आरोग्य योजनेच्या बाहेर फेकले गेले. कर भरूनही ही दारे बंद राहिली. डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे तब्बल २४ वर्षांनी, हा हक्क परत मिळाला. तोवर करोनाच्या पहिल्याच वर्षात स्प्रिंगडेल परिसरातील या समाजाला लोकसंख्येतील वाट्याच्या कितीतरी पट मोठी किंमत मोजावी लागली होती. मधुमेहामुळे करोनाचा आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. २०२४ मधील नव्या करार-कायद्याने अन्नसाहाय्यासारख्या योजनाही खुल्या केल्या.

भारताने यातून काय घ्यावे?

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधील अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. जीवनशैली बदलून धोका घटतो, हे भारतातही सिद्ध झाले आहे. ५३१ जणांवरील भारतीय चाचणीत २००६ मध्ये ही घट २८.५ टक्के आढळली. मार्शलीज अनुभव त्यात एक मुद्दा जोडतो. आपल्याकडेही बहुतेकांचे ताट दुसरेच कोणी वाढते आणि पंगतीत आग्रह मोडवत नाही. तेव्हा पथ्याचा कागद एकट्या रुग्णाच्या हाती देऊन भागणार नाही. सल्ला ऐकायला घरात भात शिजवणारी व्यक्तीही समोर हवी.