घरी हॉस्पिटलचा बेड आणताना आधी उंची मोजा

डिस्चार्जची तारीख ठरली की घरात धावपळ सुरू होते. औषधांची यादी, डायपर, युरिन पॉट, दिवसाची मावशी, रात्रीची मावशी. आणि या सगळ्यांत एक प्रश्न हमखास येतो, हॉस्पिटलसारखा बेड घ्यायचा का? कुणी नातेवाईक दुकानाचा नंबर देतो, दुकानदार मोबाइलवर फोटो पाठवतो आणि रुग्ण घरी पोहोचण्याआधीच बेड हॉलमध्ये मांडलेला असतो. नाशिकमध्ये असे बेड विकतही मिळतात आणि भाड्यानेही. अडचण मिळण्याची नाही, निवडीची आहे. दुकानात 'किती फंक्शनचा?' आणि 'केवढ्याला?' हे दोन प्रश्न विचारले जातात. 'जमिनीपासून किती उंच?' हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. रुग्ण पुन्हा पायांवर उभा राहणार की अंथरुणालाच खिळणार, हे पुष्कळदा याच प्रश्नावर अवलंबून असते.

उंचीचा हिशेब

आपल्याकडचा साधा, हँडल फिरवून चालवायचा बेड साधारण पावणेसात फूट लांब, तीन फूट रुंद आणि गादी न धरता सुमारे दोन फूट उंच असतो. त्यावर चार-पाच इंचांची गादी येते. बेडसोर होऊ नयेत म्हणून एअर मॅट्रेस टाकली की आणखी दोन-अडीच इंच वाढतात. म्हणजे झोपायची पातळी जवळपास अडीच फुटांवर गेली. पाच फूट उंचीच्या आजींचे गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे अंतर असते जेमतेम पंधरा-सोळा इंच. त्या बेडच्या कडेला बसल्या की पाय जमिनीपासून फूटभर वर लोंबकळतात.

हॉस्पिटलमध्ये ही उंची सोयीची असते. तिथे परिचारिकेला उभ्याने इंजेक्शन द्यायचे असते, ड्रेसिंग करायचे असते, चादर बदलायची असते. पूर्ण अंथरुणावर असलेल्या रुग्णाची घरी सेवा करणाऱ्या सुनेलाही किंवा मावशीलाही ती बरी पडते, कारण दिवसभर वाकावे लागत नाही आणि कंबर वाचते. पण आधार घेऊन का होईना, उभा राहू शकणाऱ्या रुग्णासाठी हीच उंची धोक्याची ठरते. पाय टेकत नसल्याने तो उतरायला घाबरतो किंवा घसरून पडतो. एकदा पडला की घरचे म्हणतात, 'आता उतरूच नका.' मग संडासला नेण्याऐवजी डायपर येतो, जेवणही बेडवरच येते आणि चालू शकणारा माणूस महिन्याभरात झोपून राहतो.

झोपून राहण्याची किंमत मोठी आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी साधारण ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस पूर्ण अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू झडला. हे निरोगी माणसांचे झाले. पक्षाघातातून किंवा न्यूमोनियातून उठलेल्या सत्तरीच्या रुग्णाकडे गमवायला मुळातच कमी असते. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी तर १९४७ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात अंथरुणावर पडून राहण्याच्या धोक्यांची यादी मांडली होती. रक्ताच्या गुठळ्या, छातीत साठणारा कफ, बेडसोर, आखडणारे सांधे, ठिसूळ होणारी हाडे, बद्धकोष्ठता आणि खचणारे मन. आजही ही यादी तीच आहे.

म्हणून बेड निवडताना पहिला प्रश्न असा असावा : रुग्ण बेडच्या कडेला बसू शकतो का, आणि बसल्यावर त्याचे तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतात का? गुडघे साधारण काटकोनात राहतील ती उंची योग्य. बहुतेकांसाठी ती गादी धरून दीड फुटाच्या आसपास येते. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला मात्र थोडी जास्त उंची लागते, कारण त्याने खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नसतो. त्याची उंची सर्जनला विचारूनच ठरवावी.

सेमी, फुल आणि मोटरचा

दुकानाच्या बिलावर 'फाउलर बेड' असे लिहिलेले असते. हे कंपनीचे नाव नाही. जॉर्ज रायरसन फाउलर हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सर्जन. पोटात पू झालेल्या रुग्णांना सपाट न झोपवता डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, म्हणजे पू खाली ओटीपोटाकडे उतरतो, असे त्यांनी १९०० मध्ये मांडले. त्या वेळी उशा आणि ठोकळे लावून हे साधत. पुढे १९०९ मध्ये विलिस गॅच या सर्जनने पाठ आणि गुडघे यांच्या जागी दुमडणारी खाट सुचवली. आजचा बेड हा तिचाच वंशज.

सेमी फाउलरमध्ये एकच हँडल असते आणि फक्त पाठ उचलली जाते. फुल फाउलरमध्ये दोन हँडल असतात, एक पाठीसाठी आणि एक गुडघ्यांसाठी. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण बेड वर-खाली होतो. हा हँडलचाही मिळतो आणि मोटरचाही. दुकानात ज्याला 'आयसीयू बेड' म्हणतात त्याला याशिवाय डोके खाली-पाय वर, पाय खाली-डोके वर अशा हालचालीही असतात. त्यांचा घरात क्वचितच उपयोग होतो. बजेट मर्यादित असेल तर त्या हालचालींऐवजी उंची कमी-जास्त होण्यावर पैसे खर्च करावेत. सेवा करताना बेड वर आणि रुग्णाला उतरवताना खाली, एवढ्या एका सोयीने दोघांचे भागते.

कोणाला कोणता?

खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेला, फिजिओथेरपीने चालू लागण्याची आशा असलेला रुग्ण असेल तर बऱ्याचदा घरातला टणक गादीचा, योग्य उंचीचा, दोन्ही बाजूंनी मोकळा पलंग पुरतो. पाठीला टेकू हवा असेल तर सुटा बॅकरेस्ट मिळतो. मधोमध झोळ पडलेले बाजले मात्र नको, त्यात कुशीवर वळताच येत नाही.

हृदय किंवा फुप्फुसाच्या आजारामुळे धाप लागणारा, गिळताना ठसका लागणारा किंवा नाकातून राइल्स ट्यूबने अन्न घेणारा रुग्ण असेल तर पाठ उचलणारा बेड खरोखर लागतो. नळीने अन्न देताना आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास पाठ ३० ते ४५ अंशांत उंच हवी. सपाट झोपवून भरवले तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तोंडाने जेवणाऱ्याला तर शक्य तितके सरळ बसवावे.

स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्यासाठी फुल फाउलर घ्यावा. इथे एक साधी गोष्ट अनेकांना कुणी सांगितलेली नसते : आधी गुडघ्यांचे हँडल थोडे फिरवायचे, मग पाठीचे. फक्त पाठ उचलली की रुग्ण पायथ्याकडे घसरतो, माकडहाडावरची कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतली हाडे सरकतात. या ओढाताणीने जखम आतून सुरू होते. जेवणाची वेळ सोडून आणि धाप नसेल तर पाठ ३० अंशांच्या वर फार वेळ ठेवू नये. पक्षाघातात आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गुडघेही तासन् तास वाकवून ठेवू नयेत, ते तसेच आखडतात.

कठडा म्हणजे सुरक्षा नव्हे

स्मृतिभ्रंश झालेले किंवा रात्री भ्रमात उठणारे वृद्ध असतील तर घरचे पूर्ण लांबीचा कठडा मागतात. पण असा रुग्ण कठडा ओलांडायचा प्रयत्न करतो आणि अधिक उंचीवरून पडतो, किंवा गजांत अडकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००८ अखेरपर्यंत रुग्ण कठड्यात अडकल्याच्या ८०३ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांतील ४८० जण दगावले. २००६ मध्ये त्याच संस्थेने सुचवले की कठड्यातील आणि कठडा-गादीमधील फट १२ सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. बेड घेताना टेप घेऊन जावे. गादी बेडच्या मापाचीच हवी. एअर मॅट्रेस टाकल्यावर रुग्ण वर येतो आणि कठडा तेवढाच बुटका होतो, हेही पाहावे. अशा रुग्णासाठी शक्य तितका खालचा बेड, मंद दिवा आणि झोपण्यापूर्वी लघवीला नेण्याची सवय अधिक कामाची.

गादी आणि हात

एअर मॅट्रेस साध्या गादीवर टाकायची असते, तिच्याऐवजी नाही. तिच्यावर एकच सुती चादर, तीही सैल. थंडीत मायेने तिच्यावर गोधडी अंथरली जाते आणि मॅट्रेसचा उपयोग संपतो; गोधडी अंगावर घालावी. हवा पुरेशी आहे का हे तपासायला माकडहाडाच्या जागी मॅट्रेसखाली तळहात सरकवावा. हात आणि शरीर यांच्यामध्ये इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. पंप विजेवर चालतो. वळिवाच्या पावसात किंवा सिन्नर-निफाडकडच्या मळ्यातल्या वस्तीवर वीज तासन् तास जात असेल तर इन्व्हर्टरची सोय आधी करावी. मोटरचा बेड घेतला तर बॅटरी किंवा हाताने चालवण्याची सोय आहे का, हे विचारावे आणि सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे.

तरीही कोणताच बेड रुग्णाची कूस बदलत नाही. ते काम माणसालाच करावे लागते, सुरुवातीला दर दोन तासांनी, पुढे त्वचा पाहून डॉक्टर सांगतील तसे. रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा आणि घोटे पाहावेत. दाबल्यावर न जाणारी लाली हे पहिले लक्षण. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेव्हा तो भाग आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागतो का, ते बोटांनी पाहावे. अशा जागी स्पिरिट, पावडर किंवा मालिश नको, आणि हवेची गोल रिंगही नको. रिंगच्या कडेने रक्तपुरवठा आणखी दबतो. तो भाग मोकळा ठेवावा. कातडी फुटली, काळी पडली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घराचे माप

जुन्या नाशिकमधल्या वाड्यांचे अरुंद जिने आणि सिडकोतली लहान घरे यांत तीन फुटांचा बेड दारातून जाईल का, हे आधी मोजावे. बरेचसे बेड सुटे करून नेता येतात, पण ते दुकानदाराला विचारून घ्यावे. दोन्ही बाजूंना किमान दोन-अडीच फूट आणि पायथ्याकडे हँडल फिरवायला दोन फूट जागा हवी. हँडल वापरून झाल्यावर आत दुमडावे, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडग्या फुटतात. बेड भिंतीला चिकटवला की एकाच बाजूने सेवा होते आणि सेवा करणाऱ्याची पाठ धरते. खोली संडासाच्या जवळची निवडावी. चाकांचे ब्रेक लावून बेड हलवून पाहावा. मुख्य म्हणजे घेणाऱ्याने स्वतः त्यावर झोपून, उठून, उतरून पाहावे.

विकत की भाड्याने?

आजार काही आठवड्यांचा असेल तर भाड्यानेच घ्यावा. विकतची किंमत भागिले महिन्याचे भाडे, एवढा साधा हिशेब करावा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की हा बेड साधारण किती महिने लागेल. अनेक सेवाभावी संस्था अनामत घेऊन रुग्णोपयोगी साहित्य अल्प भाड्यात देतात, तिथे आधी चौकशी करावी. वापरलेला लोखंडी बेड चालतो; गंज, वेल्डिंग, हँडल आणि ब्रेक पाहून घ्यावेत आणि तो जंतुनाशकाने पुसून घ्यावा. वापरलेली फोमची गादी मात्र घेऊ नये.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरातल्या दोघांनी वॉर्डात जाऊन परिचारिकेकडून कूस कशी बदलायची आणि फिजिओथेरपिस्टकडून रुग्णाला कडेला बसवून उभे कसे करायचे, हे स्वतःच्या हाताने करून शिकावे. पहिले काही दिवस उभे करण्याआधी दोन-तीन मिनिटे कडेला बसवावे, म्हणजे रक्तदाब एकदम उतरून चक्कर येणार नाही. आणि बेड घरी आल्यापासून एक महिन्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्या दिवशी पाहावे, रुग्ण किती वेळ बसतो, किती पावले चालतो, आणि आता हा बेड परत करता येईल का.