गाठीत सोडलेला पोलिओ

मेंदूत उलटलेला कर्करोग घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी आधी पोलिओची लस टोचली. मोठ्या माणसाला, आणि तीही अशा अवस्थेत, पोलिओची लस कशाला? कारण थोड्याच दिवसांत त्याच्या कवटीला छिद्र पाडून गाठीत जिवंत पोलिओ विषाणू सोडायचा होता. झुंज गाठीपुरतीच राहावी, बाकीच्या शरीराला धग लागू नये, म्हणून हा आधीचा बंदोबस्त.

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात 2012 मध्ये हे पहिल्यांदा घडलं. मथायस ग्रोमायर या जर्मन डॉक्टरचं उमेदीचं सारं आयुष्य त्याआधी या एका कल्पनेमागे गेलं होतं.

माझ्या वयाच्या माणसांना पोलिओ म्हटलं की पायाला बांधायचा कॅलिपर आठवतो. माझ्या मागच्या बाकावर तसा एक मुलगा बसायचा. बसताना गुडघ्याजवळची कडी सोडायची, उठताना पुन्हा अडकवायची. तो 'खट्' आवाज मी चार वर्षं ऐकला आहे. म्हणूनच या विषाणूलाच औषध करायला निघालेल्या माणसाबद्दल पहिल्यांदा वाचलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

ग्रोमायर 1990 च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूकमध्ये, एकार्ड विमर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. पोलिओचा विषाणू पेशीत शिरतो तो तिच्या अंगावरचं सीडी155 नावाचं प्रथिन पकडून. मेंदूच्या गाठींसकट कितीतरी कर्करोगांच्या पेशींवर हे प्रथिन भरपूर असतं. म्हणजे दार उघडंच होतं. अडचण एकच, पण जीवघेणी. हा विषाणू मज्जारज्जूतल्या चेतापेशीही मारतो, आणि पोलिओ म्हणतात तो यालाच.

मग त्यांनी विषाणूच्या आरएनएमधला एक तुकडा कापला. पेशीच्या यंत्रणेला 'आता माझी प्रथिनं बनव' असं फर्मान सोडणारा हा तुकडा. त्याच्या जागी सर्दीच्या विषाणूतला, तेच काम करणारा तुकडा जोडला. सर्दीचं फर्मान चेतापेशीत चालत नाही, कर्करोगाच्या पेशीत मात्र बिनबोभाट चालतं. ज्याच्यावर हे कलम केलं तो विषाणूही रानटी नव्हता. आल्बर्ट सेबिन यांनी माणसाळवलेला, टाइप 1 चा. आपल्याकडे बाळांच्या जिभेवर पडणाऱ्या थेंबांत असतो, तोच.

कागदावर हे सुरेख होतं. पण पुढे ड्यूकमध्ये ज्यांच्या सोबत काम करायचं होतं, त्या हेन्री फ्रीडमन यांनाही आधी हा सगळा वेडेपणा वाटला होता, हे त्यांनीच नंतर मोकळेपणाने सांगितलं. सरकारी परवानगीसाठी माकडांवर वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या. एकाही माकडाचं अंग लुळं पडलं नाही. 2011 मध्ये माणसांवरच्या चाचणीला होकार मिळाला.

पहिली रुग्ण होती विशीतली, नर्सिंग शिकणारी मुलगी. आजार ग्लायोब्लास्टोमा, मेंदूचा कर्करोग. शस्त्रक्रिया करून गाठ काढली होती, ती पुन्हा उगवली. गाठीत बारीक नळी बसवली आणि पंप सुरू झाला. तासाला अर्धा मिलिलिटर, असे साडेसहा तास. सगळं मिळून चमचाभरही नाही.

नंतरच्या एमआरआयमध्ये गाठ मोठी झालेली दिसली. दोन महिने हीच स्थिती. आपण केलं ते चुकलं, असं कुणालाही वाटावं. पण ती वाढ नव्हती, सूज होती. कर्करोगाची पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून लपून राहते. आता तिच्यात पोलिओ शिरला होता, आणि लस घेतलेलं शरीर पोलिओला लहानपणापासून ओळखतं. विषाणूने पेशी फोडल्या, पण त्याचं खरं काम बोंब ठोकण्याचं होतं. हाकेला धावून आलेल्या संरक्षक पेशी विषाणूपाशी न थांबता गाठीवरच तुटून पडल्या. गाठ आक्रसत गेली आणि 21 महिन्यांनी दिसेनाशी झाली. मारेकरी म्हणून पाठवलेला हा विषाणू मुळात जागल्या निघाला. या साऱ्या शोधात मला सर्वांत थोर वाटतो तो हा उलगडा.

पण ती सूजच पुढे जिवावर बेतायला लागली. डोस वाढवला तशी ती हाताबाहेर जाऊ लागली. एका रुग्णाला नळी काढताना मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टरांना डोस वाढवण्याऐवजी सुरुवातीपेक्षाही खाली आणावा लागला.

दरम्यान दुसऱ्या एका विषाणूने बाजी मारली. ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिसमध्ये फेरफार करून तयार केलेलं औषध 2015 मध्ये अमेरिकेत त्वचेच्या मेलॅनोमासाठी मंजूर झालं, आणि अशाच एका औषधाला 2021 मध्ये जपानने मेंदूच्या गाठीसाठी सशर्त परवानगी दिली.

ड्यूकच्या 61 रुग्णांचा अहवाल 2018 मध्ये आला. निम्मे रुग्ण साडेबारा महिन्यांच्या आतच गेले. आधीच्या काळातल्या, तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांमध्ये हाच आकडा 11.3 महिने होता. एवढंच वाचलं तर एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. पण आलेखाची रेघ पुढे बघावी. दोन वर्षांनी जुन्या गटातले 14 टक्के हयात होते, तीन वर्षांनी 4 टक्के. पोलिओ घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी 21 टक्के होते, आणि तीन वर्षांनीही 21 टक्केच. ज्या आजारात ही रेघ थेट तळाला जाते, त्यात ती तिथे वर्षभर आडवी राहिली होती.