सरळ झालेली पाठ

आमच्या लोणीच्या घरांत ही गोष्ट प्रथम ध्यानांत आली ती शिंप्याच्या. थोरल्या बंधूंच्या नातीचा शाळेचा गणवेश त्यानें दोनदां उसवून शिवला आणि तिसऱ्या खेपेस तो वहिनींना म्हणाला, "आजी, कापडाचा दोष नाहीं. पोरीचा उजवा खांदा वर आहे." मुलगी तेव्हां तेरा वर्षांची. घरांत आम्ही लहानथोर मिळून चौदा माणसें, त्यांत पस्तीस वर्षें शिक्षकी केलेला मी. आणि पाहिलें शिंप्यानें!

तिला पाय जुळवून, गुडघे न वांकवितां, हात खालीं सोडून ओणवें व्हावयास सांगितलें. पाठीची उजवी बाजू डावीहून स्पष्ट उचललेली दिसली. ही परीक्षा विल्यम ॲडम्स नांवाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८६५ सालीं सांगितली, व आजहि तीच चालते. कणा बाजूस वांकतो तेव्हां मणके स्वतःभोंवतीं पिळलेहि जातात आणि त्यांना जोडलेल्या बरगड्या एका अंगानें मागें येतात. म्हणून मूल उभें असतां लपणारा बांक तें ओणवें झालें कीं लपत नाहीं.

मग घरांत कारणांचा शोध सुरू झाला. कोणी दप्तराचें ओझें म्हणे, कोणी एका कुशीवर निजण्याची खोड. वहिनी तर सुनेनें गरोदरपणीं ग्रहण पाळलें नव्हतें येथपर्यंत पोंचल्या. सूनबाई बिचारी आंत जाऊन रडली. यांतलें एकहि कारण खरें नव्हे. दहा ते अठरा वर्षांच्या वयांत, शंभर मुलांत दोघां-तिघांच्या कण्याला दहा अंशांहून अधिक बांक येतो. एखाद्या कुलांत तो अधिक आढळतो, परंतु त्यांत आईचा किंवा दप्तराचा अपराध नाहीं. बहुतेकांचा बांक थोडक्यांतच थांबतो. ज्यांचा पुष्कळ वाढतो त्यांत मुलींचीच संख्या फार मोठी असते. डॉक्टर यास स्कोलिओसिस म्हणतात.

बांक मोजण्याची रीत अमेरिकेंतील जॉन कॉब यांनीं १९४८ सालीं घालून दिली. पंचवीस अंशांपर्यंत नुसती नजर ठेवावयाची. पंचवीस ते चाळीस असून उंची वाढावयाची असेल तर अंगाच्या मापाचा घट्ट पट्टा दिवसाचे पुष्कळ तास वापरावयाचा. पंचेचाळीस-पन्नासाच्या पुढें शस्त्रक्रियेचा विचार. पट्ट्याचा उपयोग खरा आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडांतील परीक्षणांत पट्टा वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा ७२ मुलांचा बांक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाहीं; न वापरणाऱ्यांत तें प्रमाण शेंकडा ४८ होतें. आमच्या मुलीचा बांक निघाला चोपन्न अंश. पट्ट्याची वेळ टळून गेली होती.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या आठवीच्या वर्गांत एक मुलगा नेहमीं एका बाजूस कलून बसे. मी त्याला "ताठ बैस" म्हणून दरडावीत असें, आणि एकदां बांकावर उभाहि केला. तो ताठ बसूं शकत नव्हता, हें मला नातीचें क्ष-किरणांचें चित्र पाहिल्यावर कळलें. तो आतां चाळिशींतला गृहस्थ आहे. मंचरच्या बाजारांत भेटतो, एक खांदा खालीं, आणि आदरानें नमस्कार करतो. बोलावें असें पुष्कळदां मनांत येतें. अजून बोललों नाहीं.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधांत कुब्जेची कथा आहे. श्रीकृष्णांनीं तिचे चवडे आपल्या पायांनीं दाबून धरले, हनुवटीखालीं दोन बोटें लाविलीं आणि तिला वर उचलून सरळ केलें. भाविकांना त्यांत लीला दिसेल; मला या प्रसंगानंतर ताण देण्याची कृतीहि दिसूं लागली. असा ताण ग्रीसच्या हिपॉक्रेटिसालाहि ठाऊक होता. अडचण एवढीच कीं, ताणून सरळ केलेला कणा सरळ राहत नाहीं. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनीं पोलिओनें कणा वांकलेल्या मुलांसाठीं पाठींत बसवावयाची धातूची कांब योजिली व १९६२ सालीं ती प्रसिद्ध केली. तेव्हां मुलांना पुढें कित्येक महिने प्लास्टरमध्यें राहावें लागे. आतां मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना दोन कांबी जोडतात आणि तेवढे मणके एकमेकांशीं सांधून टाकतात. कांबीनें आधार द्यावयाचा तो हाडें सांधेपर्यंत. खरें काम तें हाडच करतें.

मज्जारज्जूला इजा होण्याचें भय शंभरांत एकाहूनहि कमी असतें, आणि शस्त्रक्रिया चालूं असतां त्या रज्जूचे संदेश यंत्रावर पाहत असतात. तरी तें भय शून्य नव्हे, हें डॉक्टरांनीं आम्हांला आधींच सांगितलें. न केल्यास काय, हेंहि आम्हीं विचारलें. अमेरिकेंतील आयोवा येथें उपचार न झालेल्या रुग्णांचा पन्नास वर्षें मागोवा घेतला, त्याचा वृत्तांत २००३ सालीं आला. बहुतेकांनीं संसार, कामधंदा इतरांसारखाच केला. पाठदुखी मात्र अधिक होती, आणि आपल्या रूपाविषयींची खंतहि. पन्नास अंशांपुढचा बांक मात्र वाढ पुरी झाल्यावरहि वर्षाला सुमारें एक अंश वाढत राहतो. यावर बंधूंनीं होकार दिला.

वहिनींचा प्रश्न एकच होता, "हिच्या लग्नाचें काय?" मुलीचा प्रश्न निराळा होता, "मला मांडी घालून बसतां येईल ना?"

येतें. शस्त्रक्रिया पुण्यांत झाली. दुसऱ्या दिवशीं तिला उभें केलें, सहा-सात आठवड्यांनीं ती शाळेंत गेली, आणि उंची दोन बोटें वाढली. तिचे छातीमागचे मणके सांधले आहेत; कंबर व गुडघे मोकळे आहेत. पंगतींत ती सर्वांत ताठ बसते. पडलेली वस्तू गुडघे मोडून उचलते. वडील माणसांना नमस्कार करतांना आधीं गुडघे टेकते; पाठ गोल होत नाहीं. पाण्याचा हंडा वर्षभर तिला कोणी उचलूं दिला नाहीं. व्रणाच्या कडेला हात लावलेला अजून नीट कळत नाहीं. पहिले दोन महिने वेदना फार होत्या, आणि रात्रीं ती आईला कुशीवर वळवावयास हांक मारी. तें कोणी हलकें करून सांगूं नये.

अशा मुलांची पुढची अवस्था जोखण्यासाठीं डॉक्टर बावीस प्रश्नांची एक यादी वापरतात. त्यांत वेदना, हालचाल, स्वतःच्या रूपाविषयींची भावना, मनाचें स्वास्थ्य आणि उपचाराविषयींचें समाधान हे विषय येतात. सर्वांत मोठा फरक पडतो तो रूपाविषयींच्या भावनेंत. हालचालींत फारसा पडत नाहीं, कारण ती आधींहि बहुधा ठीकच असते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें वीसांहून अधिक वर्षें लोटलेल्या रुग्णांना पुन्हां तपासलें, तेव्हां त्यांचें जीवनमान सामान्य लोकांच्या जवळपास आढळलें. स्त्रियांचे विवाह व बाळंतपणेंहि बहुतांशीं इतरांसारखींच. हें वहिनींना मीं दोनदां वाचून दाखविलें. कांहींची पाठ पुढें दुखते, कांहींना पुन्हां शस्त्रक्रिया लागते, हेंहि वाचलें. त्यांनीं तेवढेंच लक्षांत ठेविलें.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक वर्षांतून एकदां शाळेंत येतें. त्या दिवशीं मुलांना ओणवें करून पाहा, असें मास्तरांनीं पथकाला सांगण्यास हरकत नसावी. दूरच्या गडचिरोलींतहि 'सर्च' संस्थेच्या रुग्णालयांत मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे शस्त्रवैद्य मणक्यांच्या रुग्णांसाठीं जात असतात. मग आम्ही तर पुण्याच्या वाटेवरचे.

इंग्लंडच्या राजकन्या युजिनी यांची हीच शस्त्रक्रिया बाराव्या वर्षीं झाली होती. २०१८ सालीं विवाहाच्या वेळीं त्यांनीं पाठीवरचा व्रण उघडा दिसेल असा पोशाख मुद्दाम शिवून घेतला. तें छायाचित्र नातीनेंच मला दाखविलें. गेल्या वैशाखांत आतेबहिणीच्या लग्नासाठीं पोलक्याचें माप द्यावयास ती त्याच शिंप्याकडे गेली. वहिनी म्हणाल्या, "गळा मागून वर घे रे, पाठ झांकूं दे." शिंपी टेप हातांत धरून मुलीकडे पाहत राहिला. दोन्ही खांद्यांचें माप सारखें आलें होतें, आणि गळ्यावरून आजी-नातीचें भांडण घरीं येईपर्यंत चालूं होतें.