उष्णतामानाची स्वस्त रोजनिशी



मधुमेही माणसाचें इन्सुलिन आज कित्येक घरांतील फ्रिजमध्यें ठेविलेलें असतें. न उघडलेल्या कुपीस २ ते ८ अंश सेंटिग्रेड उष्णतामान मानवतें. ऊब फार झाली तर औषधाचा गुण हळूहळू उतरतो. पण तें एकदां गोठलें कीं वायांच गेलें, आणि वितळल्यावर दिसावयास मात्र तें पूर्ववत् असूं शकतें. तेव्हां काल रात्रीं फ्रिजमध्यें काय घडलें हें कळणें, ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे.

साधा उष्णतामापक या क्षणाचें तेवढें सांगतो. जेम्स सिक्स यानें १७८२ सालीं प्रसिद्ध केलेला कमाल-किमान उष्णतामापक पारा कोठवर चढला-उतरला तें दाखवितो. परंतु केव्हां आणि किती वेळ, याविषयीं तो मुका. आपणांस हवी आहे ती रोजनिशी. तिचें सामान मुंबईस लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यास तपकीर गल्लींत साधारण हजार-दीड हजार रुपयांत जमतें.

निवड करितांना पहिला प्रश्न किंमतीचा नव्हे. वीज गेली म्हणजे हें यंत्र काय करील, हें आधीं विचारावें. पुष्कळ हौशी लोक रास्पबेरी पाय हा २०१२ सालीं इंग्लंडांत निघालेला चिमुकला संगणक घेतात. संगणक नामी आहे. पण पांच मिनिटांनीं एक आंकडा लिहिण्यास तो बसविणें म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणावयास बैलगाडी जुंपणें होय. शिवाय लिहितां लिहितां वीज तुटली तर त्याचें मेमरी कार्ड बिघडूं शकतें. वायफायवरून आंकडे दूर धाडणारीं यंत्रेंही त्याच वेळीं अडतात, कारण वायफायची पेटी घरच्याच विजेवर चालते. म्हणजे फ्रिज बंद पडून ऊब चढूं लागते, नेमक्या त्या तासांचें पान कोरें!

म्हणून आर्डुइनो जातीचा साधा फलक, त्यास मेमरी कार्डाची खोबण, आणि पॉवर बँकेचा आधार, एवढेंच घ्यावें. कांहीं पॉवर बँका इतका अल्प प्रवाह पाहून आपोआप मिटतात. ती एक रात्र चालवून पारखावी. फलकास वेळेची आठवण नसते, यास्तव डीएस-३२३१ हें स्वतःच्या लहान बॅटरीवर चालणारें घड्याळ जोडावें. तें वर्षाकाठीं सुमारें एक मिनिटच चुकतें.

सेन्सर मात्र स्वस्तांतला स्वस्त घेऊं नये. डीएचटी-११ दोन अंशांनीं चुकूं शकतो. आपली सारी मर्यादाच सहा अंशांची! डीएस-१८बी-२० याची चूक अर्ध्या अंशाच्या आंत असते, आणि पोलादी नळींत बसविलेला जलाभेद्य नमुना सहज मिळतो. याच्या नकला बाजारांत पुष्कळ आहेत, तेव्हां परीक्षा करावी: बर्फाचा चुरा व थोडें पाणी ढवळून त्यांत नळी बुडवावी, कांहीं मिनिटांनीं आंकडा शून्याजवळ स्थिरावला पाहिजे. फरक पडल्यास तो लिहून ठेवून पुढें वजा करावा. मग नळी ग्लिसरिनच्या लहान बाटलींत सोडून ती बाटली औषधाशेजारीं ठेवावी. नाहींतर दार उघडलें कीं हवेची झुळूकच नोंदली जाते.

आज्ञावली विकत घेण्याचें कारण नाहीं. आर्डुइनोची आज्ञावली लिहिण्याचें साधन फुकट मिळतें. दर पांच मिनिटांस तारीख, वेळ व उष्णतामान अशी एक ओळ साध्या मजकुराच्या रूपांत लिहावी, आणि प्रत्येक ओळीनंतर फाइल बंद करावी. दिवसाच्या २८८ ओळी होतात; वर्षाचा सारा संग्रह छायाचित्राएवढीच जागा व्यापतो. लिबरऑफिसमध्यें त्याचा आलेख काढतां येतो. आरआरडीटूल हें प्रसिद्ध साधन जुन्या आंकड्यांच्या सरासऱ्या करीत जातें. किमान आंकडा वेगळा राखण्यास सांगितलें नाहीं, तर गोठण्याचा अर्धा तास त्या सरासरींत बुडून जातो. आणखी एक, डीएस-१८बी-२० वीज मिळतांच प्रथम ८५ हा आंकडा दाखवितो. तो गाळावा, उगाच घाबरूं नये.

नोंदींत पहांटे उष्णतामान २.५ अंशांखालीं जात असेल, तर सेन्सरची अर्ध्या अंशाची चूक धरून औषध थंड पत्र्यापासून दूर, मधल्या फळीवर आणावें. शून्याखालीं गेल्याचें दिसल्यास ती कुपी वापरूं नये. डॉक्टरांस विचारून नवी आणावी.