शाळाबाह्य तरुणांचे वर्ग आणि यशाचा हिशेब (संकटकाळातील शिक्षण : लेखांक ६)

युद्ध, साथ किंवा विस्थापन यांमुळे ज्यांची शाळा मध्येच सुटली, अशा तरुण मुलामुलींसाठी अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग चालवले जातात. त्यांचे मूल्यमापन नेहमीच्या शाळेपेक्षा बरेच अवघड असते. शाळेत इयत्ता ठरलेली, पुस्तक ठरलेले, परीक्षा ठरलेली. इथे एकाच खोलीत अक्षरओळख नसलेला सतरा वर्षांचा मुलगा बसतो आणि सातवीपर्यंत शिकलेली, कडेवर मूल असलेली मुलगीही बसते. कुणाला हिशेब शिकायचा असतो, कुणाला शिलाई, कुणाला पुन्हा शाळेत जायचे असते. वर्षभराने वर्ग संपतो, निधी संपतो आणि अहवाल लिहिला जातो.

बहुतेक अहवालांत तीन आकडे हमखास असतात : किती वर्ग उघडले, किती नावे नोंदली, किती प्रमाणपत्रे वाटली. देणगीदाराला पैशाचा हिशेब देण्यापुरते ते पुरेसे आहेत. शिकणाऱ्याच्या आयुष्यात काय घडले हे मात्र त्यांतून कळत नाही. मूल्यमापनाचा खरा प्रश्न असा असतो : हा वर्ग सुरू झालाच नसता, तर याच मुलामुलींचे काय झाले असते? संकटग्रस्त भागात हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण तिथली परिस्थिती स्थिर नसते. ती बिघडत तरी असते किंवा सावरत तरी असते, आणि या बदलाचे श्रेय किंवा खापर विनाकारण वर्गाच्या माथी येऊ शकते.

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमधले एक मूल्यमापन या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९९१ ते २००२ या काळातल्या यादवी युद्धातून हा देश सावरत होता. मूळची बांगलादेशातली ‘ब्रॅक’ ही संस्था तिथे १२ ते २५ वयाच्या मुलींसाठी गावोगाव क्लब सुरू करणार होती. असा क्लब म्हणजे मुलींची हक्काची सुरक्षित जागा. तिथे मुली जमतात, गप्पा मारतात, खेळतात, आरोग्य आणि प्रजननाविषयी माहिती घेतात, पुढे एखादे कौशल्यही शिकतात. ओरियाना बँडिएरा, इम्रान रसूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० गावे निवडली. क्लब कोणत्या गावात निघेल आणि कोणत्या गावात नाही, हे सोडतीने ठरले. २०१४ च्या सुरुवातीला पहिली पाहणी झाली. मे महिन्यात देशात इबोलाचा पहिला रुग्ण नोंदला गेला.

पुढच्या दीड वर्षात देशात १४ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि जवळजवळ चार हजार माणसे दगावली. उन्हाळी सुट्टीनंतर उघडायच्या शाळा एप्रिल २०१५ पर्यंत बंदच राहिल्या. अशा वेळी कुणी पाहणी गुंडाळली असती तर नवल नव्हते. संशोधकांनी ती चालू ठेवली, आणि साथीच्या काळातून गेलेल्या ४,७०० मुलींचा माग लागला. साथीमुळे ज्या गावांचे व्यवहार फार विस्कळीत झाले आणि जिथे क्लब नव्हता, तिथे लहान वयाच्या मुलींचा पुरुषांच्या सहवासातला वेळ वाढला, किशोरवयीन गर्भारपणे झपाट्याने वाढली आणि शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या दर शंभरामागे १६ ने घटली. तितकाच फटका बसलेल्या पण क्लब असलेल्या गावांत हे नुकसान बऱ्याच अंशी टळले.

या निष्कर्षाची जात लक्षात घेतली पाहिजे. क्लबचे यश कशात होते, तर जे घडले नाही त्यात. फक्त क्लबच्या गावांतला आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला असता, तर हे टळलेले नुकसान कुणाच्या नजरेसच पडले नसते. बिगरक्लबच्या गावांशी तुलना होती म्हणूनच ते दिसले. संकटकाळातल्या किती चांगल्या कामांवर ‘परिणाम दिसला नाही’ असा शिक्का केवळ तुलनेअभावी बसला असेल, या विचाराने अस्वस्थ व्हायला होते. याच पाहणीत एक अडचणीत टाकणारी गोष्टही आढळली. क्लबच्या गावांत वयाने मोठ्या असलेल्या काही मुलींमध्ये मोबदल्यासाठी ठेवलेल्या शरीरसंबंधांचे प्रमाण वाढले होते. संशोधकांनी हे लपवले नाही, आणि त्यामुळे बाकीच्या निष्कर्षांवरचा विश्वास वाढतो.

त्याच देशात, त्याच काळात नोंदणीचा आकडा किती फसवा असू शकतो याचेही उदाहरण घडले. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा सरकारने गर्भवती मुलींना नेहमीच्या वर्गात बसायला मनाई केली आणि त्यांच्यासाठी वेगळी केंद्रे काढली. हजारो मुलींची नावे तिथे नोंदली गेली. कागदावर पाहिले तर शाळाबाह्य मुलींसाठीचा हा मोठाच उपक्रम. प्रत्यक्षात तिथे आठवड्यातून तीन दिवस चारच विषय शिकवले जात. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ही बंदी आणि ही वेगळी केंद्रे, दोन्ही भेदभावाची ठरवली. मार्च २०२० मध्ये बंदी उठली. एखाद्या वर्गाने मुलींना शिक्षणाकडे परत आणले की मुख्य प्रवाहातून बाहेर ठेवण्याची सोय करून दिली, हे हजेरीपट सांगत नाही. वर्गानंतरची वाट कुठे जाते, तिथले शिक्षण शाळा मान्य करते का, पुढच्या परीक्षेला बसता येते का, हे विचारावेच लागते.

एका देशात यशस्वी झालेला नमुना दुसरीकडे तसाच चालेल, हेही गृहीत धरता येत नाही. ब्रॅकच्या याच प्रकारच्या क्लबांमुळे युगांडात मुलींची कमाई वाढली आणि बालविवाह व लवकरची गर्भारपणे घटली. टांझानियात मात्र नुसत्या क्लबचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. तिथे साधनांची चणचण होती आणि क्लबला धड जागाही मिळत नव्हती. म्हणून कार्यक्रम निरुपयोगी ठरवण्याआधी तो ठरल्याप्रमाणे चालला होता का, हे पाहणे भाग असते : दार किती दिवस उघडले, शिकवणारी ताई टिकली का, साहित्य पोचले का.

सर्वांत जास्त कष्ट पडतात ते माणसे शोधण्यात. संकटात तरुण एका जागी राहत नाहीत. कुणी शहरात मजुरीला जातो, कुणाचे लग्न होते, कुणी छावणी बदलतो. जे गावातच राहिले त्यांचीच मुलाखत घेतली, तर चित्र एकांगी होते, कारण जे गेले ते बरेचदा सर्वांत हुशार तरी असतात किंवा सर्वांत हलाखीत तरी. उत्तर युगांडातल्या युद्धाने होरपळलेल्या तरुणांची पाहणी करताना जीनी ॲनन आणि ख्रिस्तोफर ब्लॅटमन यांनी घरात आज कोण आहे यावरून यादी केली नाही. १९९६ मध्ये घरात कोण कोण होते, हे त्यांनी कुटुंबांना विचारले आणि त्यांतल्या तरुणांचा माग काढला. अपहरण झालेले, परतलेले, दूर गेलेले असे सगळे त्या यादीत आले. यासाठी एक व्यवहार्य रीतही रूढ आहे. समजा हजार नावांपैकी आठशे जण सहज सापडले. उरलेल्या दोनशेंमधून साठ नावे चिठ्ठ्या टाकून काढायची आणि सगळी ताकद त्या साठांच्या मागे लावायची : शेजारी, मामा, जुना मालक, मिळेल तो फोन नंबर. त्या साठांपैकी सापडलेल्यांच्या उत्तरांना हिशेबात जास्त वजन दिले, की न सापडलेल्यांचेही प्रतिनिधित्व होते.

चाचणी कुठे घ्यायची, हाही याच अडचणीचा भाग आहे. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात डाना बर्डी आणि ली लिंडन यांनी ३१ गावांची पाहणी केली. तिथली मुले वयाने लहान होती, तरी पद्धत शिकण्यासारखी आहे. मुलांना घरी गाठले गेले, त्यामुळे शाळेत न जाणाऱ्यांचेही भाषा-गणित तपासता आले. सर्व गावांत एकाच वर्षी शाळा काढणे शक्य नव्हते, म्हणून २००७ मध्ये १३ गावांना आधी शाळा मिळाली आणि बाकीच्यांना वर्षभराने. गावातच शाळा आल्यावर शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या दर शंभरामागे ५२ ने वाढली.

मोजायचे केव्हा, यावरही उत्तर बदलते. युगांडा सरकारने २००८ मध्ये उत्तरेकडच्या तरुणांच्या गटांना व्यवसाय शिकण्यासाठी आणि अवजारे घेण्यासाठी रोख अनुदान दिले. चार वर्षांनी अनुदान मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी पाहिले तेव्हा हे अंतर जवळजवळ मिटले होते, कारण दुसऱ्या गटानेही हळूहळू मजल गाठली होती. यातला कोणताही निकाल खोटा नाही. मधली वर्षे हलाखीत काढणाऱ्या तरुणासाठी लवकर सावरणे हीच मोठी मदत असते. पण चार वर्षांच्या आकड्यावरून आयुष्यभराचे दावे करणे चूक ठरले असते, आणि वर्ग संपल्याच्या दिवशी घेतलेल्या पाहणीतून तर यातले काहीच दिसले नसते.

तुलनेसाठी कुणाला वर्गापासून दूर ठेवायचे का, या आक्षेपात तथ्य आहे. अन्न, औषध किंवा जिवाचे संरक्षण यांबाबत अशी सोडत कधीच चालणार नाही. वर्गांचे वेगळे असते. जागा चाळीस आणि अर्ज शंभर असतील, तर निवड कशीतरी होणारच आहे, आणि सरपंचाच्या ओळखीपेक्षा उघड चिठ्ठी न्याय्य असते. घोरमधल्यासारखी दुसऱ्या वर्षीची पाळी लावून देता आली तर उत्तम. तेवढीही उसंत नसेल, तर शेजारच्या तशाच वस्तीतल्या तरुणांची माहिती पहिल्या दिवसापासून ठेवता येते. पहिल्या दिवसाची नोंद हुकली तर नंतर कितीही पैसे खर्च करून ती मिळत नाही.

विचारणाऱ्याची जबाबदारीही कमी नसते. जबरदस्ती, गर्भारपण, सैन्यातली भरती यांविषयी मुलगी किंवा मुलगा बोलतो तेव्हा ती माहिती चुकीच्या हाती पडली तर जिवावर बेतू शकते. म्हणून मुलाखत एकांतात घ्यावी, मुलीशी स्त्रीनेच बोलावे, नाव आणि उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत. एखादीने मदत मागितली, तर ती कुठे मिळेल हे पाहणी करणाऱ्याला आधीच ठाऊक असले पाहिजे, आणि त्यासाठीची तरतूद मूल्यमापनाच्या अंदाजपत्रकातच हवी.